कोकणात नेलेलं पाणी

करूळच्या घाटात तिसऱ्या वळणावर मी उजव्या आरशात पाहिलं, तर मागचा डबा दिसेना. डाव्या आरशात पाहिलं, तर तो तिथं होता. पुन्हा उजवीकडं पाहतो तर स्वारी इकडं हजर. जीप सरळ चालली होती आणि डबा मागं म्हशीच्या शेपटीसारखा माश्या हाकत येत होता. रस्त्याच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. म्हणजे खूप खाली झाडांचे शेंडे होते, पण ते पाहण्यात काही फायदा नव्हता.

आणि त्या डब्यात माझी बायको बसली होती.

आधी डब्याचं सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल कसला डबा. आमचं गाव जतच्या पूर्वेला. पंचवीस वर्षं मी वडाप केलं. नऊ माणसांच्या जीपमध्ये अठरा माणसं, दोन बोकडं आणि एक नवी नवरी कोंबून ती धडधाकट तालुक्याला पोचवायची, याला आमच्याकडं वडाप म्हणतात. त्या धंद्यात माझं नाव होतं. शिरपाबापूच्या जीपमध्ये जागा नाही, असं कुणी कधी ऐकलं नाही. एका बाजारच्या दिवशी तर मी इतकी माणसं बसवली की मलाच जागा उरली नाही, आणि मी पायरीवर उभा राहून, खिडकीतून हात घालून गाडी जतला नेली. खोटं वाटत असेल तर त्या गाडीतल्या कुणालाही विचारा. त्यातले बरेच जण आता वारले, ही गोष्ट वेगळी.

तर त्या साली मिरजेजवळ एक सर्कस मोडली आणि सामानाचा लिलाव झाला. लोकांनी तंबू घेतला, खुर्च्या घेतल्या, जनरेटर घेतला. एक दोन चाकांचा लाकडी डबा मात्र कुणी घेईना. आत माणूस ताठ उभा राहील एवढा उंच, पुढं खिडकी, मागं दार, दोन्ही बाजूंना झोपायला फळ्या. त्यात म्हणे अस्वलवाला राहायचा. लोक म्हणाले, अस्वलवाला बाहेर झोपायचा, आत अस्वलच राहायचं. मी तो घेतला, जीपच्या मागं जोडला आणि गावात आणला. तो वेशीतून आत येताना गावातली झाडून सारी कुत्री पोट टेकून बसली, आणि डबा आमच्या दारात उभा राहीपर्यंत एकानं मान वर केली नाही.

सुंद्रानं तो आतून राखेनं घासला. पाण्यानं धुवायचा प्रश्नच नव्हता. तरी ढगाळ दिवशी आत गेलं की वाटायचं, अस्वल आत्ताच उठून बाहेर गेलंय.

सुंद्रा म्हणजे आमची कारभारीण. पोरगी नांदायला गेलेली, पोरगा पुण्याला चिकटलेला, घरात आम्ही दोघंच. तिचं माझ्याविषयी एकच गाऱ्हाणं होतं, आणि ते ती भाकरी थापताना, माझ्याकडं पाठ करून, तव्याला ऐकवायची. की माणसानं सगळा तालुका फिरवला, पर घरच्या बाईला कधी फुडच्या शिटावर बसीवलं न्हाई. खोटं नव्हतं ते. पुढचं सीट कायम गिऱ्हाइकाला. ती शेतावर चालत जायची आणि मी तिच्या अंगावर धुरळा उडवत शेजारून जायचो. पन्नाशी आली तरी तिनं समुद्र पाहिला नव्हता. तिच्या आईनं पाहिला नव्हता, आजीनं ऐकलासुद्धा नव्हता. म्हणून मी बेत केला, की घरच चाकावर घालून न्यायचं. वाटेत त्यातच रांधायचं, त्यातच झोपायचं, आणि सुंद्राला पुढच्या सीटवर बसवून थेट दर्यापर्यंत न्यायचं.

तेही एसटीच्या थाटात. मी जीपमध्ये कानाशी एक बेल बसवली आणि तिची दोरी डब्याच्या खिडकीतून आत घेऊन छताखालून पार मागच्या दारापर्यंत नेली. म्हटलं, कधी तुला आत लवंडायचं झालं तर असू दे. एक बेल म्हणजे थांबा, डबल बेल म्हणजे चला. सुंद्राला हे एवढं आवडलं की निघायच्या आधी आठ दिवस ती येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला डब्यात बसवून बेल मारून दाखवत होती.

आता पाणी.

आमच्याकडं त्या साली पाऊस पडला नव्हता, म्हणजे नेहमीसारखंच साल होतं. आमच्या गावची बाई माहेराला निघाली तरी कडेवर पोर आणि डोक्यावर कळशी. पाण्यावाचून उंबरा ओलांडायचा नाही. दुसऱ्याच्या गावात जाऊन दुसऱ्याचं पाणी प्यायचं ही आमच्यात लाज, कारण ते त्यानं कुठनं आणलं असेल हे आपल्याला माहीत असतं. त्यामुळं टँकर आला त्या दिवशी सुंद्रानं दोन घागरी भरल्या, तीन कळश्या भरल्या आणि एक झाकणाचं बॅरल काठोकाठ भरलं. मी म्हटलं, अगं, आपण कोकणात निघालोय, तिथं लोक पाण्यानं वैतागलेत. ती म्हणाली, त्येंचं त्येंच्यापाशी. आणि सगळं पाणी डब्यात मागच्या दाराशी नेऊन मांडलं. घरात पाणी दाराशीच असतं, म्हणून इथंही दाराशी. दाराची कडी सैल होती, ती तिनं आपल्या एका जुन्या हिरव्या लुगड्यानं करकचून बांधली.

 पंचवीस वर्षं लोकांची गाठोडी कुठं ठेवायची हे सांगण्यात गेली होती. म्हटलं, बायकोला तरी सांगायचं नाही.

गगनबावड्यापर्यंत सगळं झ्याक गेलं. सुंद्रा पुढच्या सीटवर अशी बसली होती की जणू जीप तिनंच बनवलीय. ओळख ना पाळख, रस्त्यावरच्या माणसाला हात करत होती. घाट उतरायच्या आधी आम्ही विठू झोऱ्याच्या टपरीवर चहाला थांबलो. विठू म्हणजे अर्धा डोळा मिटून बोलणारा माणूस. त्यानं चहा दिला, डब्याभोवती एक चक्कर मारली आणि जीपकडं बघत म्हणाला की पावणं, तुमची गाडी लई देवभोळी दिसत्या, मगाधरनं फुडं वाकून नमस्कार घालत्या.

मी पाहिलं. जीपचं तोंड खरंच खाली वाकलं होतं आणि मागची बाजू उचलल्यासारखी दिसत होती. म्हटलं, रस्ता उताराचा आहे, त्यामुळं. असं म्हणून मी चहा प्यालो. त्या वेळी देवानं मला विठू झोऱ्याच्या तोंडानं सगळं सांगितलं होतं, पण मी चहा प्यालो.

आत काय आहे असं त्यानं विचारलं. सुंद्रानं सांगितलं, पाणी. विठूचा मिटलेला अर्धा डोळाही उघडला.

"कोकणात पाणी घेऊन निघालाय?" तो म्हणाला. "मग जाताना वाईच मीठबी न्या. तितं दर्याला लागतंय."

टपरीवरची माणसं हसली. मलाही हसू आलं, आणि तिथंच माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बरोबर आहे, घाट अवघड आहे, एवढं वजन कशाला, ओतून टाकू. मी डब्यात चढलो आणि घागरीला हात घातला. सुंद्रा मागोमाग आली आणि तिनं घागरीचा गळा धरला. दोघांनी एकच घागर धरलेली, मधे पाणी डुचमळतंय.

"वतायचं न्हाई," ती म्हणाली.

"खाली ढीग पाणी आहे, सुंद्रा."

"असू द्या. कुणाला तान लागली असंल तर सांगा, मी माज्या हातानं पाजते. ह्या भाऊला इचारा. त्येला नगं असंल तर राहू द्या. पर रस्त्याला पाजायला म्या पाणी आणलं न्हाई."

विठूनं खालूनच नको म्हणून मान हलवली. आता तो हसत नव्हता.

मी घागर सोडली. लोकांसमोर हरलो होतो, म्हणून जरा तोऱ्यात म्हटलं की मग सांडलं तर मला बोलू नकोस, घाटात हिसके बसतात. त्यावर तिनं पदर खोचला आणि ती दाराशी, त्या बॅरलला टेकून, मांडी घालून बसली. म्हणाली, चला, मी हितं पाण्यापाशी बसते. जिनं पुढच्या सीटसाठी पंचवीस वर्षं तवा तापवला, ती ते सीट रिकामं टाकून पाण्यामागं जाऊन बसली. आणि आमची सुंद्रा म्हणजे काही वाळलेली काडी नव्हती. अंगानं भरलेली, हाताची एक चापट गाईला बसली तर गाय दूध देताना विचार करून द्यायची.

लुगड्याची गाठ मी बाहेरून पुन्हा आवळली. मागून डबल बेल वाजली. निघालो.

पहिलं वळण ठीक गेलं. त्या घाटात वानरं भरपूर, गाडी हळू झाली की टपावर उडी मारतात. आमचा डबा येताना मात्र ती कठड्यावरून उठून वरच्या झाडांवर गेली आणि एकमेकांना घट्ट धरून बसली. अस्वलाचा वास त्यांना वळणाआधीच पोचला होता. मला गंमत वाटली. दुसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला, तर जीपची मागची चाकं सर्रकन थोडी बाजूला सरकली. वाटलं, खडी असेल. मी दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. उतार लागला की डबा मागून धक्का द्यायचा, जीप थोडी पळायची, मी ब्रेक दाबायचो, चाकं घसरायची. जीप आपल्या वजनानं रस्त्यावर बसलेलीच नाही, कुणीतरी तिची शेपूट धरून वर उचललंय, असं काहीतरी ते वाटत होतं. आणि तिसऱ्या वळणावर डब्यानं डोलायला सुरुवात केली, हे मी तुम्हाला सांगितलंच.

आधी एक हात डावीकडं, एक हात उजवीकडं. मग दोन हात. प्रत्येक हेलकाव्याला जीपचा मागचा भाग डब्याबरोबर ओढला जात होता आणि स्टिअरिंग माझ्या हातातून निसटू पाहत होतं. डावीकडून झोका आला की मी उजवीकडं ओढायचो, आणि मी ओढीपर्यंत तो उजवीकडं पोचलेला असायचा. वर दोरीला हिसका बसून बेल आपोआप वाजायला लागली. एक, तीन, चार, पुन्हा एक. थांबा, चला, थांबा, थांबा. त्यातली कुठली सुंद्राची आणि कुठली डब्याची, काही कळेना.

ब्रेकचा वास यायला लागला. जळक्या केसांसारखा असतो तो. पायाखालचा पेडल आता घट्ट लागत नव्हता, ओल्या पोत्यावर पाय दिल्यासारखा आत जात होता. मी जोरात दाबावा तर मागची चाकं घसरून डबा कठड्याकडं फेकला जाणार, आणि न दाबावा तर वेग वाढणार. वेग वाढला की झोका वाढत होता. समोरून एक ट्रक चढत येत होता. त्याच्या ड्रायव्हरनं आम्हाला पाहिलं आणि आपली गाडी डोंगराच्या गटारात घालून उभी केली. आम्ही त्याच्या शेजारून गेलो तेव्हा डबा नशिबानं दुसऱ्या अंगाला गेला होता. तो ड्रायव्हर मला आजही दिसतो. त्यानं शिवी दिली नाही. त्यानं नुसते हात जोडले.

आणि तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

उलाळ.

बैलगाडीत मागं ओझं जास्त झालं की गाडी उलाळ होते. जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं, बैल हवेत लोंबकळल्यागत होतात आणि गाडी त्यांच्या ताब्यात राहत नाही. मग गाडीवान ओरडतो, फुडं सरा रं, फुडं सरा. मागं बसलेली माणसं पुढं सरली की जू मानेवर बसतं आणि गाडी गप चालायला लागते. वडापातसुद्धा हीच रीत. मागं लोंबकळणारी पोरं जास्त झाली की मी जाड शेटजीला उठवून पुढं घ्यायचो. पंचवीस वर्षं मी हेच केलं होतं. आणि आज सगळं पाणी, त्यावर बायको, पार शेपटाकडं बसवून मी घाटात उतरलो होतो.

उपाय समजला होता, पण तो सांगायचा कसा? दोरी तिच्याकडं होती, बेल माझ्याकडं होती. तिला मला सांगायची सोय होती, मला तिला काही सांगायची सोय मी केलीच नव्हती. मी खिडकीतून तोंड बाहेर काढून ओरडलो, फुडं सर, सुंद्रा, फुडं सर. वारा ते शब्द घेऊन दरीत गेला. पुढं वळण आलं, तोंड आत घ्यावं लागलं.

त्या वळणावर डबा असा फेकला गेला की त्याचं एक चाक रस्ता सोडून कठड्याच्या दगडाला घासलं. खाडकन आवाज झाला. आरशात मला दिसलं, मागचं दार उघडून हवेत फडफडत होतं. आणि त्या दारातून काहीतरी हिरवं बाहेर आलं, वाऱ्यावर क्षणभर पसरलं, आणि कठड्यावरून दरीत गेलं.

सुंद्राचं लुगडं हिरवं होतं. नेसलेलंही हिरवंच होतं.

आता ऐका. त्यानंतर डबा शांत झाला.

एकदम नाही. एक झोका, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान, आणि मग तो जीपच्या मागं शहाण्या वासरासारखा चालायला लागला. बेल बंद झाली. मागची चाकं रस्त्यावर बसली. ब्रेक अर्धामुर्धा का होईना, लागायला लागला. जे मी देवाकडं मागत होतो ते सगळं मिळालं होतं, आणि ते कसं मिळालं हे मला समजत होतं. शेपटावरचं वजन कमी झालं होतं. ते दारातून बाहेर गेलं होतं.

थांबता येत नव्हतं. ब्रेक पुरता लागत नव्हता आणि पुढं वळणामागून वळण. माणसाच्या मनात अशा वेळी काय येतं? तुम्हाला वाटेल देव येतो. माझ्या मनात तवा आला. भाकरी थापणारी तिची पाठ आली, आणि आता तव्याला कोण बोलणार, हे आलं. पुढच्या सीटवर तिचा पानाचा बटवा तसाच पडला होता. प्रत्येक वळणाला तो माझ्याकडं सरकायचा आणि मी तो कोपरानं परत तिच्या जागेवर ढकलायचो. जीप चालवत होतो, डोळ्यांना धड दिसत नव्हतं, आणि तो बटवा तेवढा जागेवर ठेवत होतो.

तोच कानाशी बेल वाजली.

एक नाही. टण टण. स्वच्छ, दोन. डबल बेल.

डब्याचा झोका अशी बेल मारत नाही. झोका मारतो ती कशीही वाजते. ही हातानं मारलेली होती, आठ दिवस सराव केलेल्या हातानं. मी ऐकलं न ऐकलं तोवर पुन्हा वाजली. टण टण. चला.

मी चाललो. दुसरं काय करणार? हुकूमच तसा होता. घाटाच्या खालच्या अंगाला शेंदूर लावलेला एक दगड आहे, तिथं रस्ता जरा रुंद होतो. तिथवर मी गाडी आणली, डोंगराच्या मातीला हळूच अंग घासत थांबवली. दोन्ही हात स्टिअरिंगवरून सुटेनात. मी तसाच बसून राहिलो.

मागून सुंद्रा आली. तिनं आधी माझ्याकडं पाहिलंच नाही. रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलून गाडी घरंगळू नये म्हणून तिनं डब्याच्या चाकाखाली उटी लावली, दुसरा जीपच्या चाकाखाली लावला, लाथ मारून दोन्ही पक्के बसले का पाहिलं. मग खिडकीशी आली. कपाळावर टेंगूळ, कोपर सोललेलं, डोक्यावरचा पदर कमरेला.

"डोळं का लाल झाल्यात?" तिनं विचारलं.

"धूळ गेली."

"दोनी डोळ्यांत?"

 ती खिडकीतून हात घालून माझी बोटं एकेक करून स्टिअरिंगवरून सोडवायला लागली. गड्याच्या हातातली वैरण सोडवावी तशी.

"गाडी उलाळ झालती," ती म्हणाली. "माज्या बाच्या गाडीत आमी कडबा भरायचो तवा असंच व्हायचं. मग म्या सगळं फुडच्या खिडकीपाशी वडलं. घागरी, कळश्या. बॅरल जड हुतं, ते तिरकं करून कडंवर फिरीवत न्हेलं, टँकरवर न्हेतो तसं. मग त्येच्यावरच बसले. दोरीला हात कुठनं लावू? हात मोकळा झाल्यावर बेल दिली."

"मलाही कळलं होतं," मी म्हटलं. "उलाळ झालीय ते."

"मग सांगायचं."

"कशानं? दोरी तुझ्याकडं."

तिनं शेवटचं बोट सोडवलं. "बरं झालं," म्हणाली. "तुमच्याकडं असती तर तुमी एकच बेल मारून बसला असता."

मी डब्यात जाऊन पाहिलं. तो घाट, ते झोके, तो कठडा, आणि सगळं पाणी खिडकीखाली दाटीवाटीनं, वडापातल्या गिऱ्हाइकांसारखं बसलेलं. फळीवर चार थेंब सांडलेले होते. त्यावर तिनं फडकं ठेवून ते टिपून घेतलं होतं आणि फडकं कळशीवर पिळलं होतं. मी विचारलं, अगं, दार उघडं होतं, लाथ मारून बॅरल बाहेर ढकललं असतंस तर दोन क्षणांत गाडी हलकी झाली असती, जिवापेक्षा पाणी मोठं का? तिनं मला नजरेनंच गप्प केलं. मला वाटलं, बाई चिकट आहे. जन्माची सवय, दुसरं काय.

दार मी माझ्या पटक्यानं बांधलं. लुगडं गेलं ते गेलंच. पुढं महिनाभर त्या घाटातली वानरं आळीपाळीनं ते नेसत होती असं विठू झोरे सांगायचा, पण तो थोडा वाढवून बोलणारा माणूस, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही. उरलेल्या रस्त्याला सुंद्रा पुढच्या सीटवर बसली, मांडीवर एक घागर घेऊन.

देवगडच्या अलीकडं एक लहानसा किनारा आहे, तिथं आम्ही दिवस कलायच्या आधी पोचलो. सुरूची झाडं संपली आणि समोर एकदम दर्या आला. मला वाटलं होतं ती हरखेल, पोरीसारखी पळत जाईल. ती नुसती उभी राहिली. डावीकडून उजवीकडं मान फिरवली, पुन्हा उजवीकडून डावीकडं. आमच्याकडं टँकर आला की बायका आधी तो किती भरलाय हे डोळ्यानं मोजतात. ती ते मोजत होती आणि तिला माप लागत नव्हतं.

मग ती पाण्यात गेली, घोट्यापर्यंत. वाकून ओंजळ भरली आणि पिऊन टाकली. सांगायला मी विसरलोच होतो. आम्ही कोकणात पाणी न्यायचं की नाही यावर भांडलो, त्यासाठी मरता मरता वाचलो, पण दर्याचं पाणी खारट असतं, एवढं मी तिला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हे काय सांगायचं?

तिनं थुंकून टाकलं. पुन्हा एकदा ओंजळ भरून जिभेला लावली. मीही वाकून एक घोट चाखला. मग तिनं त्या एवढ्या मोठ्या दर्याकडं पाहिलं. तिचं तोंड असं झालं जसं शेजारच्या घरात कुणाचं तरी दुखणं बघून आल्यावर व्हायचं.

"एवढं पाणी," ती म्हणाली, "आन् बिचाऱ्याला प्यायला थेंब न्हाई."

ती मागं फिरली, जीपमधली घागर घेतली, कमरेवर ठेवून पाण्यात शिरली. गुडघ्यापर्यंत गेली. तिनं घागरीला हात जोडले नाहीत, हळदकुंकू वाहिलं नाही. दमून आलेल्या माणसाच्या ओंजळीत घालावं तसं हळूहळू, वाकून, धार तुटू न देता तिनं पाणी ओतलं. आमच्या गावचं, टँकरचं, घाटात जिवाच्या बदल्यात न ओतलेलं पाणी. जाळं झटकत बसलेली एक म्हातारी तिथनं ओरडली, "काय ओततंस गो?" सुंद्रानं तिकडं लक्ष दिलं नाही. घागर रिकामी झाली तशी ती दुसरी आणायला निघाली.

मी तिची वाट अडवली. "घाटात जीव जात होता, तेव्हा ओतलं नाहीस. आणि आता?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू पंचवीस वर्षं माणसं वाहून या माणसाला काहीच कसं समजलं नाही.

"तवा कुणाला तान लागली न्हवती," ती म्हणाली.

मी बाजूला झालो. मग दुसरी घागर मीच उचलली. कळश्याही नेल्या. बॅरल मात्र दोघांनी मिळून नेलं, तिरकं करून, कडेवर फिरवत, ओल्या वाळूतून. सगळं ओतून झाल्यावर आमच्याकडं प्यायला थेंब राहिला नाही, आणि त्या जाळंवाल्या म्हातारीकडं जाऊन सुंद्रानं जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याच्या दारात पाणी मागितलं. म्हातारीनं दोघांना शहाळीच दिली.

त्यानंतर आम्ही तिथं बऱ्याच वेळा गेलो. दर खेपेला पाणी नेलं, आणि दर खेपेला ते पुढं, खिडकीपाशी ठेवलं. गेल्या शिमग्यात सुंद्राशिवाय पहिल्यांदाच, नातवाच्या गाडीतून मी जाऊन आलो. घागर आता मला उचलत नाही, म्हणून सुंद्राच्या नावचा एक तांब्या नेला. ओतला, आणि मग वाकून दर्याचं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

खारट होतं. पण पहिल्याइतकं नाही.